वर्षाचे अठ्ठेचाळीस दिवस

ठाकूरद्वारच्या एका जुन्या वाडीत, दुसऱ्या मजल्यावर, विजयकरांचं बिऱ्हाड आहे. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, रस्त्याच्या अंगाला गॅलरी आणि स्वयंपाकघराच्या पाठीमागे, मोरीला लागून, सहा बाय आठची एक अडगळीची खोली. तिच्यात एक लोखंडी खाट, दोन ट्रंका, यतीनची लहानपणची क्रिकेटची बॅट आणि एक खिडकी, जिच्यातून शेजारच्या इमारतीचे पाण्याचे पाइप तेवढे दिसतात. देविका विजयकरने आयुष्यात जे काही लिहिलं ते या मागच्या खोलीत बसून लिहिलं. मात्र ते कधी लिहिलं, हे पन्नाशीला येईपर्यंत तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

सांगणार तरी काय? विजयकर म्हणजे मुंबईतलं जुनं घराणं. पणजोबा साहेबाच्या कचेरीत हेडक्लार्क, आजोबा वकील, देविकाचा नवरा यतीन बँकेत. घरात सगळं चालतं. कोलंबीचं भानोलं होतं, मटण होतं, रविवारी ताटात मासा नसला तर यतीनला बारीक ताप येतो. पण देव्हाऱ्यात कुलदेवीचा चांदीचा टाक आहे आणि त्याच्यापुढे घराचं सगळं सुधारकपण संपतं. टाकाचं सोवळं माईंच्या हातात. माई म्हणजे देविकाच्या सासूबाई. घरातल्या बाईची पाळी आली की तिने चार दिवस मागच्या खोलीत बसायचं. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, पिंपाला हात लावायचा नाही, कुणाला शिवायचं नाही. ताट उंबऱ्याशी सरकवलं जाईल. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की पुन्हा कामाला. देवीला घरात कोलंबी चालते, चार दिवस सून चालत नाही, असं हे देवीचं पथ्य.

सत्त्याण्णव साली देविका लग्न होऊन परळहून इथे आली तेव्हा तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिचे वडील म्युनिसिपल शाळेत मास्तर, आई इस्पितळात नर्स. त्या घरात पाळी म्हणजे गरम पाण्याची पिशवी आणि दोन दिवस जरा चिडचिड, एवढंच. पहिल्या महिन्यात ती मागच्या खोलीत चारही दिवस रडली. दुसऱ्या महिन्यात यतीनशी भांडली.

‘‘अगं, माईला वाईट वाटेल,’’ यतीन म्हणाला. ‘‘तिच्या हयातीपुरतं चालवून घे ना. चार दिवस आराम मिळतो असं समज.’’

आराम हा शब्द तिला मिरचीसारखा झोंबला. तिसऱ्या महिन्यात आत जाताना तिने कॉलेजातली एक अर्धी कोरी वही बरोबर नेली. आईला पत्र लिहायचं होतं, चांगलं तक्रारीचं. पत्र सुरू झालं, पण पाचव्या पानापर्यंत आई त्यातून निघून गेली आणि तिच्या जागी एका बंद पडायला आलेल्या थिएटरच्या बुकिंग खिडकीत बसणारी बाई आली. चौथ्या दिवशी संध्याकाळी देविकाने वही मिटली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण चार दिवसांत एकदाही रडलो नाही.

मग ते तसंच चालू झालं. इतर सव्वीस दिवस ती घराची होती. पहाटेचं पाणी, डबे, माईंचं पथ्य, पाहुणे, मुलगा अभिषेक झाल्यावर त्याचं सगळं. त्या दिवसांत तिने कधी पेन हातात घेतलंच, तर कुणीतरी हमखास विचारायचं, ‘‘मोकळी आहेस ना जरा?’’ बाईच्या हातात लाटणं असलं की ती कामात असते आणि पेन असलं की मोकळी असते. हा नियम कुठल्या पोथीत लिहिलेला नाही, पण सोवळ्यापेक्षा कडक पाळला जातो. त्या चार दिवसांत मात्र तिचा हात घरात कशालाच चालत नसे, म्हणून तिला कुणी हाक मारत नसे. माई स्वतः कुरकुरत स्वयंपाक करायच्या. पुढे त्यांना होईना, तेव्हा त्या नुसता कुकर लावायच्या आणि यतीन खानावळीतून भाजी आणायचा. घर काही उपाशी राहिलं नाही.

गोष्ट ती सव्वीस दिवस डोक्यात बांधायची. सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ चोळताना संवाद जुळायचे, कपडे वाळत घालताना एखाद्या पात्राचं नाव बदलायचं. आणि दिवस आले की आत जाऊन ती नुसती उपसत बसायची. वर्षाचे अठ्ठेचाळीस दिवस. एका कथेला कधी चार महिने लागत, कधी वर्ष. बऱ्याचशा फाडल्या. तीन-चार कुठल्या कुठल्या लहानशा दिवाळी अंकांत आल्या. यतीनने ते अंक बँकेत नेऊन सगळ्यांना दाखवले. ‘‘फोटो छान आलाय तुझा,’’ तो म्हणाला. कथा त्याने वाचली नाही, आणि वाचली नाही हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

एकदा तर तिने कमाल केली. गौरी-गणपतीत अडचण नको म्हणून माई दरवर्षी तिला पाळी पुढे ढकलायची गोळी द्यायच्या. त्या वर्षी एक कथा अगदी कडेला आली होती. देविकाने गोळ्या मोरीत टाकल्या. गौरी जेवायच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं, माईंचा चेहरा एवढासा झाला, आणि घरची सून मागच्या खोलीत मांडीवर वही घेऊन बसली. पलीकडे आरती चालली होती, झांजा वाजत होत्या. तिला लाज वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि हा आनंद जाऊन सांगावा असं जगात एकही माणूस नव्हतं.

हेच तिचं खरं दुखणं होतं. कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एकदा विषय निघाला. प्रितीने लिहिलं, ‘‘देविका, तू अजून बाजूला बसतेस?? गिरगावात?? आजच्या दिवसात??’’ खाली हसण्याची आणि संतापाची बारा चित्रं. प्रितीचं काही चुकलं नव्हतं. ती प्रथा अपमानच होती, देविकालाही तो रोज कळत होता. पण त्या अपमानातच तिने स्वतःपुरती जागा करून घेतली होती, हे प्रितीला सांगितलं तर ती बुरसटलेली ठरणार आणि माईंना सांगितलं तर चोर. इकडे आड, तिकडे विहीर. तिने ग्रुपवर एक हसरा चेहरा टाकला आणि फोन उलटा ठेवला.

दोन वर्षांपूर्वी दादरहून एक फोन आला. सुनेत्रा नावाच्या बाईंचा. दोन खोल्यांत त्यांचं छोटंसं प्रकाशन आहे, वर्षाला पाच-सहा पुस्तकं काढतात. जुने दिवाळी अंक चाळताना त्यांना देविकाच्या कथा सापडल्या होत्या.

‘‘बारा कथा द्या. पुस्तक करू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एक विचारू? तुमच्या कथा एका बैठकीत, दार लावून लिहिल्यासारख्या वाटतात. तुमची पद्धत काय? कुठे लिहिता?’’

‘‘घरीच,’’ देविका म्हणाली.

जुन्या, नव्या, पुन्हा लिहिलेल्या मिळून अकरा कथा झाल्या. बारावी बाकी होती. काळाचौकीच्या एका चाळीत दोन बहिणी एकाच खोलीत राहतात आणि बावीस वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, अशी ती गोष्ट. ही कथा जमली तर आपलं पुस्तक खरं पुस्तक होईल, असं देविकाला आतून वाटत होतं. आणि नेमकी तेव्हाच तिची पाळी बंद झाली.

आधी दोन महिने चुकली, मग एकदा आली, मग गेली ती गेलीच. इतर बायकांना या वयात हायसं वाटतं. देविका तारखेवर डोळे लावून बसायची, एखाद्या नव्या नवरीसारखी. चार महिने गेले. वही ट्रंकेत पडून होती. पाचव्या महिन्यात, बारा तारखेला सकाळी, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘माई, मी बाजूला बसतेय.’’

माईंनी मान हलवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीकशी फुली केली. सणवाराचं बघायला सोपं जावं म्हणून त्या ती करायच्या. कपडे देविका स्वतःच वेगळे धुवायची, तेव्हा कुणाला कळण्याचा प्रश्न नव्हता. तरी चोराच्या मनात चांदणं. पहिले दोन दिवस तिला एक ओळ सुचली नाही. तिसऱ्या दिवशी सुचली, आणि मग लाज गेली.

दर महिन्याला बारा तारीख. मग चाराचे पाच दिवस झाले. वर्ष असं गेलं. बहिणींची गोष्ट काही सुटेना. सुनेत्राबाईंनी जानेवारीअखेर ही शेवटची मुदत दिली, आणि ऑगस्टपासून देविका महिन्यातून दोनदा बाजूला बसू लागली. लोभ वाईट असतो म्हणतात. पण हा लोभ फक्त एका दाराचा होता.

नोव्हेंबरात एका सकाळी दहाच्या सुमारास ती खाटेवर वही घेऊन बसली होती. उंबऱ्याशी माई उभ्या राहिल्या. त्र्याऐंशी वर्षांच्या, हातात काठी. ताट सरकवायची वेळ नव्हती. बघता बघता माईंनी उंबरा ओलांडला, आत आल्या आणि खाटेवर टेकल्या. सत्तावीस वर्षांत हे कधी घडलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला आणि देविकाच्या कपाळावर ठेवला.

‘‘माई, शिवलात मला. आता आंघोळ करावी लागेल.’’

‘‘करीन.’’ माईंनी हात काढला नाही. ‘‘किती दिवस चाललंय हे तुझं? महिन्यातून दोन-दोनदा. फुल्या बघतेय मी ऑगस्टपासून. या वयात हे बरं नव्हे.’’

‘‘काही नाही हो. होतं असं.’’

‘‘बेबी पण हेच म्हणायची.’’

बेबी म्हणजे माईंची धाकटी बहीण. भायखळ्याला राहायची. बावन्नाव्या वर्षी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. सहा महिने अंगावरून जात होतं आणि तिने कुणाला सांगितलं नाही.  माई घाबरल्या आहेत, हे देविकाला कळलं. तिने वही उशीखाली सरकवली. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तिला ते धैर्य झालं नाही.

दोन दिवसांनी माई सहा महिन्यांत पहिल्यांदा जिने उतरल्या. कितीही नको म्हटलं तरी ऐकेनात. भायखळ्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. मग दोघी जणी केबिनमध्ये त्यांच्यासमोर बसल्या. डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचत राहिल्या.

‘‘यावरून पाळी बंद होऊन वर्ष तरी झालेलं दिसतंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि तुम्ही म्हणता महिन्यातून दोनदा रक्त जातंय. पाळी बंद झाल्यावर रक्त जाणं चांगलं नाही. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. घाबरायचं नाही, पण उशीरही करायचा नाही.’’

माईंनी देविकाचं मनगट धरलं. सगळी शक्ती एकवटून धरलं. ‘‘उद्याच करा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आजच करता येत असेल तर आज करा.’’

आणखी एक खोटं सांगितलं असतं तर निभावलं असतं. डॉक्टरीणबाईंना पुढच्या वेळी एकटीने गाठता आलं असतं. पण मनगटावरची ती पकड देविकाला सहन झाली नाही.

‘‘रक्त जात नाही, डॉक्टर,’’ ती म्हणाली. ‘‘वर्ष झालं. मी घरी खोटं सांगत होते.’’

‘‘कशासाठी?’’

‘‘मला चार दिवस एकटीला बसायला मिळतं. मी लिहिते.’’

डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माईंकडे, आणि रिपोर्टाची पानं नीट लावू लागल्या. माईंनी मनगट सोडलं होतं.  वाडीत पोचल्यावर जिना चढताना देविकाने हात पुढे केला, पण माईंनी कठडा धरला. घरी आल्यावर त्यांनी आंघोळ केली आणि तासभर देव्हाऱ्यासमोर बसून राहिल्या. त्यानंतर आठ-दहा दिवस कामापुरतं बोलणं. रागावल्या असत्या तर बरं, असं देविकाला वाटे.

माईंनी घरात मात्र कुणाला काही सांगितलं नाही. पण रिपोर्ट फाइलला लावताना यतीनने वाचला. खोट्याचं त्याला ठाऊक नव्हतं, पाळी बंद झाली एवढंच त्याला कळलं. तो खरोखर खूश झाला.

‘‘म्हणजे ते मागच्या खोलीचं प्रकरण संपलं! सुटलीस बघ. मला कधीच पटत नव्हतं ते.’’

‘‘फायनली!’’ अभिषेक म्हणाला. सव्वीस वर्षांचा मुलगा, कॉम्प्युटरवाला, आठवड्यातले चार दिवस घरून काम. ‘‘किती रिग्रेसिव्ह होतं ते, आई. मला तर फ्रेंड्सना सांगायचीसुद्धा लाज वाटायची. बाय द वे, मग ती रूम मी घेऊ का? बाहेर कॉल्स ऐकूच येत नाहीत.’’

रविवारी खोली रिकामी झाली. ट्रंका माळ्यावर गेल्या, खाट भंगारवाल्याने नेली. भिंतीला पांढरा रंग लागला, टेबल आलं, एसी आला, दाराला आतून नवी कडी बसली. सोमवारपासून दहा वाजले की दार लागायचं. आणि काय आश्चर्य, कुणी न सांगता सगळं घर आवाज जपू लागलं. मिक्सर दहाच्या आत. माईंचा टीव्ही बारीक. यतीनने बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, तो दिवसभर घरीच. तोसुद्धा फोनवर बोलायला गॅलरीत जायचा. ‘‘शू! तो कामात आहे.’’ अकरा वाजता देविका चहा घेऊन दारावर टकटक करायची. दार वीतभर उघडायचं, एक हात बाहेर यायचा, कप घ्यायचा, दार लागायचं.

पोराचा काही दोष नव्हता. त्याला काम होतं आणि कामाला दार लागतं, हे त्याने सरळ सांगितलं आणि सगळ्यांना सरळ कळलं. त्याला आजारी पडावं लागलं नाही, अपवित्र व्हावं लागलं नाही. रिकामा कप घ्यायला पुन्हा जाताना देविकाला हे रोज नव्याने टोचायचं आणि त्या टोचण्याचीही तिला लाज वाटायची. आपल्याच मुलाचा हेवा करणारी आई तिने कधी कथेतसुद्धा आणली नव्हती.

‘‘मला लिहायला जागा हवी आहे,’’ एकदा तिने यतीनला सांगून पाहिलं.

‘‘मग लिही की! कोणी अडवलंय?’’ तो प्रेमाने म्हणाला. ‘‘हॉल आहे, डायनिंग टेबल आहे.’’

ती डायनिंग टेबलाशी बसली. वहीत एक वाक्य होतं: ‘मोठी बहीण म्हणाली,’. यतीनने विचारलं, माझा चष्मा पाहिलास? माईंची औषधाची वेळ झाली. धोबी आला. खालच्या मजल्यावरून विरजण मागायला कुणी आलं आणि बसलं. यतीन वाचता वाचता पेपरमधली बातमी मोठ्याने सांगू लागला, तिला एकटं वाटू नये म्हणून. सहा दिवस झाले तरी मोठी बहीण काय म्हणाली ते देविकाला कळलं नाही. कोणी अडवलंय, हा प्रश्न तिच्या डोक्यात फिरत राहायचा. अडवलं कुणीच नव्हतं, तेव्हा भांडायचं तरी कुणाशी?

जानेवारी संपत आला. सुनेत्राबाईंचा फोन आला. ‘‘दडपण घेऊ नका हं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अकरा कथांवर करू आपण. बारावी नसली तरी चालेल.’’

चालेल हा शब्द देविकाने मनात पुन्हा म्हणून पाहिला. बारावी नसली तरी चालेल. मग अकरावी नसती तरी चाललं असतं, एकही नसती तरी चाललं असतं. ‘‘मला आठ दिवस द्या,’’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिने सगळ्यांसमोर विचारलं.  ‘‘मला रोज दहा ते एक मागची खोली हवी आहे.’’

‘‘आई, दहाला तर माझी टीम मीटिंग असते गं,’’ अभिषेक म्हणाला.

‘‘सातनंतर मोकळीच असते की ती,’’ यतीन म्हणाला. ‘‘तेव्हा बस ना खुशाल.’’

सातला रात्रीचा स्वयंपाक असतो. पण ते देविकाने बोलून दाखवलं नाही, आणि त्या दोघांच्या डोक्यातही आलं नाही. माई गॅलरीत चहाचा कप धरून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

पुढच्या सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना देविकाने खांद्याला पिशवी लावली आणि चपला घातल्या.

‘‘कुठे निघालीस?’’ यतीनने विचारलं.

‘‘लिहायला. वाचनालयात.’’

कुठे निघालीस याला ‘लिहायला’ हे उत्तर ती त्या घरात पहिल्यांदाच देत होती. यतीनने पेपर खाली घेतला. ‘‘आणि जेवण?’’

‘‘सत्तावीस वर्षं महिन्यातले चार दिवस कोण करत होतं?’’

त्याला वाटलं ती चिडली आहे. ती चिडली नव्हती. ते जिना उतरताना सुचलं असतं तर ती सांगायला परत वर आलीही नसती, पण तोंडातून गेलं खरं. घर तिच्यावाचून चालतं, याचा पुरावा तिच्यापाशी सत्तावीस वर्षांचा होता आणि तिने तो कधी वापरला नव्हता.

गिरगावातल्या त्या वाचनालयात निवृत्त म्हातारे पेपर वाचायला येतात. कोपऱ्यात एक टेबल आहे, त्यावर ‘महिलांसाठी राखीव’ अशी पाटी आणि चार खुर्च्या. चारही रिकाम्या. देविका एकीवर बसली. वही उघडली. पंखा घरघरत होता. अकराला फोन थरथरला. यतीन विचारत होता, हळदीचा डबा कुठला? तिने ‘मधल्या फळीवर, पिवळ्या झाकणाचा’ असं लिहून पाठवलं आणि फोन बंद केला.

तासभर काही झालं नाही. मागच्या खोलीत भिंतीपलीकडे घर असायचं. माईंचा खोकला, भांड्यांचा आवाज, कुणी येणार नाही पण सगळे आहेत. इथे कुणाला मनाई नव्हती आणि कुणी येणारही नव्हतं. आपण लिहावं असं या शहरात कुणालाच वाटत नाही, हे तिला त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघताना लख्ख कळलं. नवऱ्याला नको, मुलाला नको, सुनेत्राबाईंनाही अकरांवर चालणार होतं. हे फक्त आपल्याला हवं आहे, एकटीला, आणि एकटीला हवं असणं पुरेसं आहे की नाही हे सांगायला कुणी नाही. तिचे डोळे भरून आले. तिने चष्मा काढून पदराने पुसत बसल्यासारखं केलं. पलीकडच्या म्हाताऱ्याने पेपरचं पान उलटलं.

बाराच्या पुढे केव्हातरी मोठी बहीण बोलली. ‘आज मीठ जास्त झालंय,’ ती म्हणाली. बावीस वर्षांनी पहिलं वाक्य, आणि ते मिठाबद्दल. देविकाने ते लिहिलं, त्याच्याखाली आणखी दोन ओळी लिहिल्या, आणि एक वाजला.

घरी आली तेव्हा अभिषेकचं दार लागलेलं होतं. यतीनने वरण-भात केला होता, भात जरासा लागला होता, आणि तो जेवून आडवा झाला होता. माई गॅलरीत मेथी निवडत होत्या. देविका त्यांच्यासमोर बसली आणि तिनेही चार काड्या हातात घेतल्या. 

‘‘मला सांगायचं होतंस,’’ माई म्हणाल्या. दवाखान्यानंतर त्या पहिल्यांदाच त्या विषयावर बोलत होत्या.

‘‘काय?’’

‘‘लिहायचं असतं म्हणून बसतेस ते. मी त्या वेळी तीन रात्री झोपले नव्हते.’’

‘‘चुकलं माझं, माई. तुम्हाला घाबरवलं ते चुकलं.’’ देविकाने एक पिवळं पान बाजूला टाकलं. ‘‘पण सांगितलं असतं तर बसू दिलं असतंत?’’

माईंना हो म्हणता आलं असतं. आता म्हणायला काहीच हरकत नव्हती, खोली गेलीच होती. पण माईंचा खोटं बोलण्याचा स्वभाव नाही. त्यांनी विचार केला. मेथीची काडी बोटांत तशीच राहिली.

‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लिहायला म्हणून नसतं बसू दिलं.’’

देविकाने मान हलवली. तिला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच तिला खरं उत्तर दिलं होतं.

‘‘उद्या पण जाणार आहेस?’’

‘‘हो.’’

‘‘किती वाजता?’’

‘‘दहाला.’’

‘‘अकराला जा. दहाला कोळीण येते. मला आता मासे पारखायला दिसत नाही.’’

हो म्हणायला देविकाचं तोंड उघडलं. आजवर या घरात कशाला नाही म्हणायचं तर तिच्यापाशी एक कारण असायचं, महिन्यातून एकदा येणारं, देवीलाही मान्य असलेलं. आज कसलंच कारण नव्हतं. अंगात बरं होतं, हात चालत होते, कोळीण ठरल्या वेळी येणार होती.

‘‘दहालाच जाईन, माई,’’ ती म्हणाली.

माईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मेथीची दुसरी जुडी सोडायला घेतली.